आधी मधला बोल्ट

मुलांनो, ऑस्ट्रेलिया हा देश आपल्या देशाच्या दुपटीहून मोठा आहे. पण त्याच्या मधल्या भागात वस्ती फारच विरळ आहे. त्या भागातून स्टुअर्ट महामार्ग जातो. या रस्त्यावर ग्लेंडॅम्बो आणि कूबर पेडी ही दोन गावे आहेत. त्यांच्यामध्ये सुमारे २५० किलोमीटर अंतर आहे. वाटेत एकही गाव नाही, पेट्रोल पंप नाही. भर उन्हाळ्यात तेथे मोटार बंद पडली, तर जिवावर बेतते. म्हणून इंजिनाची दुरुस्ती फार काळजीपूर्वक करावी लागते.

१९४८ साली ऑस्ट्रेलियात होल्डन मोटार तयार झाली. अशा जुन्या मोटारी तेथील हौशी लोक अजून जपतात. तिच्या इंजिनात एका रांगेत ६ सिलिंडर होते. सिलिंडर म्हणजे नळकांडे. त्यात पेट्रोल जळते. सिलिंडरांवर एक जड झाकण असते. त्याला हेड म्हणतात. हेडखाली पातळ गॅस्केट असते. तुमच्या घरच्या कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते ना? गॅस्केटचे कामही तसेच. ते आतला वायू बाहेर जाऊ देत नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणीही सिलिंडरमध्ये शिरू देत नाही.

गॅस्केट फाटले, की नवे बसवतात. मग हेडचे बोल्ट आवळतात. पण सुरुवात कोठून करावी?

एक प्रयोग करा. कागदाला खळ लावून तो वहीत चिकटवा. आधी सगळ्या कडा दाबा. काय झाले? मध्ये फुगा राहिला! आता दुसरा कागद मधून कडांकडे दाबत न्या. तो सपाट बसतो.

मेकॅनिकही बहुतेक इंजिनांत असेच करतो. आधी तो मधले बोल्ट आवळतो. मग आळीपाळीने दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळत टोकांकडे जातो. तेही एका दमात नाही. पहिल्या फेरीत थोडे, दुसऱ्या फेरीत आणखी आणि शेवटच्या फेरीत पुरेसे. बोल्टांचा क्रम आणि लावायचा जोर इंजिनाच्या माहितीपुस्तकात दिलेला असतो. जोर मोजण्यासाठी खास पाना असतो. त्याला टॉर्क रेंच म्हणतात. बोल्ट सैल राहिले, तर गॅस्केट पुन्हा फाटते. फार आवळले, तर बोल्टच तुटतात.

घाई केली, तर मेकॅनिकची पाच-दहा मिनिटे वाचतील. पण ओसाड रस्त्यावर त्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागेल.

स्वाध्याय
१. गॅस्केटची दोन कामे सांगा.
२. मधले बोल्ट आधी का आवळतात?
३. सायकलच्या दुकानात जा. तेथील पान्यांची नावे विचारून वहीत लिहा.