ठिसूळ खडकातली खाण सोपी का?

प्रश्न : विहीर खणताना काळा पाषाण लागला की काम रखडतं, मुरूम लागला की भराभर होतं. मग खाणीलाही ठिसूळ खडकच बरा का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : उघड्या खाणीपुरतं हे बरंचसं खरं आहे. गोव्यातलं पुष्कळसं लोहखनिज भुसभुशीत असतं, सुरुंगाशिवायही उचलता येतं. मात्र अशा मातीची कडा पावसात उभी राहत नाही. खाणीचा उतार पसरट ठेवावा लागतो आणि त्यापायी टाकाऊ मातीच जास्त उपसावी लागते.

जमिनीखाली हिशेबच उलटतो. तिथे खडक एकदाच फोडायचा असतो, छप्पर मात्र रोज सांभाळायचं असतं. अखंड, कठीण खडकात ड्रिलची टोकं झिजतात, दारू जास्त लागते. पण पोकळी पुष्कळदा स्वतःच्या बळावर उभी राहते. भेगाळ खडक पटकन फुटतो, आणि मग बोल्ट, जाळ्या, सिमेंटचा फवारा यांतच पाळी संपते. कामगार पहारीनं छप्पर ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर वरचा थर सुटलेला आहे असं समजून तो आधी पाडतात, मगच पुढे जातात. यंत्रं कितीही आली तरी ही सवय सुटू नये, असं मला मनापासून वाटतं.

खडकाची प्रत मोजायची एक साधी रीत अमेरिकी अभियंता डॉन डीअर यांनी १९६०च्या दशकात घालून दिली. पोकळ ड्रिलनं खडकाची कांडी काढायची आणि १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांचीच बेरीज करायची. दीड मीटरच्या कांडीत असे तुकडे मिळून १२० सेंटिमीटर भरले, तर प्रत ८० टक्के, म्हणजे चांगली. २५ टक्क्यांखालचा खडक अगदी वाईट. ड्रिलच्या धक्क्यानं मोडलेले तुकडे जोडूनच मोजायचे असतात. हे माप भेगांचं आहे, कठीणपणाचं नाही. मऊ पण अखंड खडकही त्यात वरचे गुण मिळवतो. त्यामुळे प्रत चांगली असली तरी फोडायला किती कष्ट पडतील, हे त्यावरून कळत नाही.

आणि फार खोल गेल्यावर चांगला खडकही घात करतो. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तिथल्या कणखर खडकात वरच्या भाराचा ताण साठत जाई आणि एकाएकी स्फोटासारखा फुटे. २००१मध्ये खाणी बंद होईपर्यंत ही धास्ती गेली नाही. धक्के नोंदवायला तिथे भूकंपमापक बसवावे लागले होते.