किशोरवयीन मुलांचा शोक आणि समाजाची रीत

मृत्यूचे दुःख सर्वत्र असते; परंतु ते कसे व्यक्त करावे, हे मूल आपल्या समाजाकडून शिकते. किशोरवयात या शिकवणुकीची खरी कसोटी लागते. या वयात मुलाला लहान म्हणून जवळ घेतले जात नाही आणि मोठा म्हणून त्याचे मतही विचारले जात नाही.

या दृष्टीने जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या सांगानेरचे उदाहरण बोलके आहे. कापडावर ठशांनी छपाई करणारे छिपा, हातकागद बनविणारे मुसलमान कागदी आणि जैन कुटुंबे या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

राजस्थानातील हिंदू कुटुंबात वडील वारल्यावर, बहुधा बाराव्या दिवशी, आप्तांच्या साक्षीने थोरल्या मुलाला पगडी बांधतात. पंधरा वर्षांचा मुलगा त्या क्षणी घराचा कर्ता ठरतो. आपल्या पाठीशी सारे आप्त उभे आहेत, हा दिलासा त्याला विधीतून मिळतो. मात्र त्याच पगडीबरोबर रडण्याची मुभा संपते. पूर्वी मृत्युभोजाचे कर्जही अनेकदा तिच्याबरोबरच डोक्यावर येई; ही प्रथा १९६० च्या राज्य कायद्याने निषिद्ध ठरली. बहिणीला बायकांमध्ये बसून मोकळेपणी रडता येते. परंतु धाकट्या भावंडांचा सांभाळ बहुधा तिच्याच वाट्याला येतो, आणि त्या जबाबदारीचा कोणताही विधी नसतो.

इस्लाममध्ये अश्रूंना मनाई नाही, आक्रोश मात्र वर्ज्य मानला जातो. इतर आप्तांनी तीन दिवस शोक पाळावा, विधवेने चार महिने दहा दिवस. त्यामुळे मुलगा कामावर वा शाळेत परततो, तेव्हा आईची इद्दत चालूच असते. जैन विचारानुसार आत्मा देह सोडताच पुढील जन्माकडे जातो. म्हणून पिंडदानाला तेथे स्थान नाही, आणि अतिशोक हे आर्तध्यान, म्हणजे टाळावयाची मनःस्थिती, समजली जाते.

एकाच वर्गातील तीन मुले अशा रीतीने तीन प्रकारे गप्प राहू शकतात: एक कर्तेपणामुळे, दुसरा मर्यादेमुळे, तिसरा संयमामुळे. या मौनाला निष्ठुरपणा समजणे चूक होय. ‘तू रडलास का?’ या प्रश्नापेक्षा ‘आता घरी तुला काय काय करावे लागते?’ हा प्रश्न शिक्षकाने विचारला, तर मूल बोलू लागण्याचा संभव अधिक असतो.