बॅटरी बदलण्याआधी

शोळिंगनल्लूर जंक्शनवरून अक्करैकडे वळलं की ईसीआर लागतो. मग महाबलीपुरम, पुद्दुचेरी, चिदंबरम करत तंजावर. चेन्नईतल्या मराठी माणसाला सरफोजी राजांचं सरस्वती महाल ग्रंथालय एकदा तरी बघायचंच असतं. आम्ही कॅम्परव्हॅनने निघालो. दिवसभर इंजिन चाललं, तरी पुद्दुचेरीत मध्यरात्री फ्रिज बंद पडला. सकाळी बॅटरीवाल्याने नुसतं बघून सांगितलं, "बॅटरी गेली सार, नवीन टाका."

ऐकलं असतं तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती. कडलूरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून दोन्हीकडे मीटर लावला. इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, फ्रिज चालवणाऱ्या मागच्या बॅटरीवर १३.२. एक व्होल्ट वाटेतच गळत होता. गाडी बांधून देणाऱ्याने मागे नेलेली वायर होती ६ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १२ मीटर तांब्यातून ३० अँपिअर वाहिले, की एवढी घट होणारच. तिथे २५ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर घट पाव व्होल्टावर येते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नीट भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात, १३.२ वर ती दिवसभर चार्ज होत राहते, पण पोट भरत नाही.

म्हणून व्हॅन ताब्यात घेताना मोजमाप बॅटरीच्या टर्मिनलवरच करा, पॅनेलवरच्या दिव्यांवर जाऊ नका. रिची स्ट्रीटला साधा मल्टिमीटर स्वस्तात मिळतो. अर्थिंगचे जोडही बघा. ईसीआरच्या खाऱ्या वाऱ्याने थिंबलवर हिरवट गंज चढतो आणि वायर जाड असूनही प्रवाह अडतो. ब्रशने घासा, घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. हे सगळं इंजिन बंद करून, आधी निगेटिव्ह काढून.

गाडी बीएस-६ असेल तर आणखी एक भानगड. डिझेल वाचवायला काही गाड्यांचा अल्टरनेटर आपली बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. मागची मग उपाशी. अशा गाडीत दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले पुरत नाही, डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. लिथियम बॅटरी टाकणार असाल तर तो हवाच. नाहीतर ती अल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढते, की ओएमआरच्या ट्रॅफिकमध्ये आयडलिंगवर तो तापून निघतो.

हिशेबही करून ठेवा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना चारेक अँपिअर घेतो आणि मे महिन्यात निम्मा वेळ चालूच असतो. म्हणजे दिवसाला ५० अँपिअर-अवर. शंभराच्या लेड-अ‍ॅसिडमधून निम्मंच वापरावं, म्हणजे पंख्याला काही उरतच नाही. सोलर हवा, पण व्हॅन झाडाखाली लावली तर तो नसल्यातच जमा. उन्हात लावली तर आत भट्टी. आम्ही शेवटी तंजावरला लॉजच्या पार्किंगमध्ये १६ अँपिअरचा सॉकेट आहे का, हे खोली बघण्याआधी विचारलं.