दातांना तारा : सोसायचं काय, सांगायचं काय?

फर्स्ट इयरला "स्ट्रेस म्हणजे काय?" या प्रश्नाला मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. खरं उत्तर कळलं ते सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत, महाडच्या डॉक्टरांनी माझ्या दातांना तारा बसवल्या तेव्हा!

क्लिनिकमध्ये काहीच दुखलं नाही. मी खुशीत एसटीने पोलादपूरला घरी आले. रात्री भाकरीचा पहिला घास चावला आणि डोळ्यांतून पाणीच आलं. आजी म्हणाली, "अगं, दात म्हणजे काय गुरं आहेत, असे दावणीला बांधायला?" सगळे हसले. मला हसताही येईना.

दुखतं का?

दात हाडात खांबासारखा चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची साधारण ०.२ मिलिमीटरची गादी असते. तारेने दात ढकलला की ही गादी एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला ताणली जाते. दाबाकडचं हाड पेशी हळूहळू विरघळवतात, ताणाकडे नवं हाड तयार होतं. या कामात जी रसायनं सुटतात त्यांनी नसा हुळहुळ्या होतात. म्हणून दुखणं काही तासांनी सुरू होतं, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरतं.

मग एकदाच जोर लावून दात का ओढत नाहीत? कारण जास्त दाबाने गादीतला रक्तपुरवठा बंद पडतो आणि दात उलट अडून बसतो. महिन्याला सुमारे १ मिलिमीटर, हाच त्याचा स्पीड! म्हणून सुरुवातीला बहुधा निकेल-टायटॅनियमची तार घालतात. हा नायटिनॉल मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास सापडला. स्टीलची तार जितकी वाकवावी तितका तिचा जोर वाढतो. ही तार मात्र बरीच वाकली तरी जोर हलका आणि जवळजवळ तेवढाच ठेवते. मटेरियल सायन्सचा तो बोअरिंग ग्राफ माझ्या तोंडातच होता!

मला काय उपयोगी पडलं?

१. पहिले तीन-चार दिवस पेज, मऊ भात, कुळथाचं पिठलं, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस, चिक्की, बर्फ बंद. पेरू बारीक कापून.

२. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा चुळा.

३. जो ब्रॅकेट गालाला घासतो तो कापसाने कोरडा करून त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी दाबायची. खड्ड्यांतून एसटी जाताना तर हवीच!

४. गोळी डॉक्टरांना विचारूनच. बहुधा पॅरासिटामॉल देतात, कारण आयबुप्रोफेन त्या रसायनांनाच अडवतं आणि त्यामुळे दात सरकणं मंदावू शकतं.

५. आजीचं लवंगतेल सोललेल्या गालावर नको. फार चरचरतं!

माझी चूक

दुसऱ्या भेटीनंतर उजवा गाल दुखायला लागला. "तारा म्हटल्यावर दुखणारच," असं म्हणून मी चार दिवस गप्प बसले. जेवण तुटलं, बोलणं बंद झालं. आता सगळं काढूनच टाकावं असं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी आईने टॉर्च लावून बघितलं, तर दाढेमागे तारेचं टोक बाहेर आलेलं आणि गालाला जखम. महाडला डॉक्टरांनी दोन मिनिटांत टोक कापलं. "फोन का नाही केलास?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझा साधा नियम आहे. दात सगळीकडे थोडे थोडे ठणकतात आणि रोज कमी होत जातं, ते सोसायचं. तिथे काम चाललेलं असतं. एकाच जागी टोचतं, रोज वाढतं, सूज किंवा ताप येतो, ते लगेच सांगायचं. जाईपर्यंत टोकावर मेण लावायचं, पण घरच्या पकडीने तार कापायची नाही. तुकडा गिळला जाऊ शकतो.

सोसणं चांगलं, पण कशासाठी सोसतोय ते आधी बघा!