पाय रोवून

जिम्नॅस्टिक्सचा खेळ पाहताना, हवेत गिरक्या घेणाऱ्या खेळाडूमुळे प्रेक्षकांचे डोळे दिपतात. परंतु जाणकाराची दृष्टी खिळते ती तिच्या पावलांवर. जमिनीवर उतरताना पाऊल जरासे सरकले, तरी गुण कापले जातात. उडी घेण्याहून पाय रोवून उतरणे कठीण. अशा उतरण्याला अमेरिकेतील खेळाडू ‘स्टिक’ म्हणतात. त्यावरूनच नाव घेतलेला ‘स्टिक इट’ हा चित्रपट २००६ साली निघाला. त्याचे लेखन व दिग्दर्शन जेसिका बेंडिंजर यांचे आहे.

चित्रपटाची नायिका हेली ग्रॅहम ही टेक्सास राज्यातील १७ वर्षांची मुलगी. एकेकाळी ती नामांकित खेळाडू होती. पण जागतिक स्पर्धेत ऐन वेळी ती मैदान सोडून निघून गेली आणि संघाच्या हातचे सुवर्णपदक गेले. ज्या वडीलधाऱ्यांवर तिचा विश्वास होता, त्यांनीच तिला दुखावले होते. परंतु हे शल्य तिने मनातच ठेवले. सोबतिणींच्या लेखी ती पळपुटी ठरली. पुढे तर, नियम दिसला की तो मोडावा, हाच तिचा नियम झाला. एके दिवशी सायकलीवरील धाडसात तिच्या हातून एका नव्या घराची काच फुटली. तेव्हा न्यायालयाने तिला पुन्हा जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षण-शाळेत धाडले.

तेथेही प्रथम तिने सर्वांची टर उडविली. परंतु तोल सांभाळण्याची तुळई अवघी १० सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर अरेरावी चालत नाही. चालतो तो केवळ सराव. पडत, उठत हेली पुन्हा घडू लागली.

मग राष्ट्रीय स्पर्धा आली. मीना नावाच्या तिच्या सोबतिणीने अत्यंत अवघड उडी निर्दोष घेतली. तरीही गुण कमी मिळाले. कारण काय, तर पोशाखातून आतील वस्त्राची पट्टी दिसली! पाऊल सरकले म्हणून गुण कापणे हा खेळाचा न्याय. पट्टी दिसली म्हणून कापणे हा कोणता न्याय? हेलीची पाळी आली. तिने आदळआपट केली नाही. उडी न घेताच तिने माघार घेतली. तिच्यामागून एकेक मुलगी माघार घेत गेली आणि सुवर्णपदक मीनालाच मिळाले. पुढील प्रकारांतही, कोण जिंकावी हे मुलींनीच आपसांत ठरविले. नियम एकही मोडला नाही. तरी परीक्षक निरुत्तर झाले.

हेलीने दोनदा माघार घेतली. पहिल्या वेळी ती एकटी होती, मनात स्वतःचे दुःख होते आणि त्याची झळ निरपराध सोबतिणींना बसली. दुसऱ्या वेळी तिने दुसरीच्या न्यायासाठी स्वतःच्या पदकावर पाणी सोडले. कृती तीच, हेतू मात्र निराळा. पहिली माघार म्हणजे पळणे होते. दुसरी म्हणजे पाय रोवून उभे राहणे.

स्वाध्याय

१. मीनाचे गुण का कापले गेले? ते योग्य होते काय?
२. हेलीच्या दोन माघारींतील फरक स्पष्ट करा.
३. ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.