उसवायला लाजू नका



सुई कुणाच्या घरी नसते? गोधडी शिवायला, बटण लावायला आपण ती रोज हाती घेतो. याच सुईने नुसत्या दोऱ्याची नाजूक जाळी करता येते. तिला सुईची लेस म्हणतात. क्रोशाला आकड्याची सुई लागते. हिला साधी सुई पुरते.

इटली देशात व्हेनिस नावाचे शहर आहे. तिथे सोळाव्या शतकात या कलेला मोठे नाव मिळाले. तिथले लोक तिला 'हवेतला टाका' म्हणत. कारण हे टाके कापडावर घालत नाहीत. दोऱ्यातच दोरा गुंफतात. तुर्कस्तानातल्या बाया अशीच लेस डोक्याच्या रुमालाला लावत आल्या आहेत.

आता एक लहान चौकोन कसा करायचा ते पाहू.

कापडाचे दोन तुकडे एकावर एक ठेवा. त्यावर जाड कागद ठेवून सगळे कडेने टाचून घ्या. कागदावर एक इंचाचा चौकोन काढा. त्याच्या रेघेवर दुहेरी दोरा ठेवा. तो बारीक दोऱ्याने जागोजाग खाली टाचा. ही झाली चौकट.

सदऱ्याचे काज करताना जो टाका घालतो, तोच इथे घालायचा. वरच्या कडेवर डावीकडून उजवीकडे बारा टाके घाला. टाके जरा सैल ठेवा. त्यांच्यामध्ये लहान कमानी दिसतील. ओळ संपली की दोरा उजव्या कडेत अडकवा. तो सरळ मागे आणून डाव्या कडेत अडकवा. मग वरच्या कमानींत पुढची ओळ घाला. सुई खालच्या कागदात किंवा कापडात शिरता कामा नये. म्हणून बोथट टोकाची सुई घ्या. शेवटची ओळ खालच्या कडेला जोडा. मग दोन कापडांच्या मधून, टाचलेले दोरे तेवढे कापा. जाळी अलगद हातात येते.

आमच्या रात्रीच्या वर्गात शिवणाच्या बाईंनी हे काम दाखवले. एक मावशी फार हौसेने बसल्या. नातवाचे बारसे आठ दिवसांवर आले होते. टोपड्याला चार चौकोन लावावे, असे त्यांच्या मनात होते. पहिला चौकोन सुटून हातात आला. पाहतात तो काय! एक बाजू आत ओढलेली आणि तिथे मोठाली भोके. मावशींनी तो पदराआड लपवला. दुसऱ्या दिवशी त्या वर्गालाच आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या हाताला अक्षर बी येईना अन् टाका बी येईना. आता वय झालं. सोडा माझा नाद."

मी म्हणालो, "मावशी, तो चौकोन आणा. पाटीही आणा."

आम्ही एकेका ओळीतले टाके मोजले. मावशींनी स्वतः पाटीवर आकडे लिहिले. १२, १२, ११, ११, १०, ९. त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी माझा हात वाईट न्हाई. ओळीच्या टोकाचा टाका तेवढा इसरतोय!"

पाहा, चुकीचे ठिकाण सापडले आणि भीती गेली.

दुसऱ्या चौकोनाला त्या प्रत्येक ओळीनंतर मोजू लागल्या. चौथ्या ओळीत अकरा भरले. तेवढीच ओळ त्यांनी उसवली. क्रोशाचा दोरा ओढला की सरसर सुटतो. हा टाका तसा सुटत नाही. सुईच्या नेढ्याने एकेक टाका मागे काढावा लागतो. म्हणून चूक जितकी लवकर दिसेल तितके बरे.

बारशापर्यंत दोनच चौकोन झाले. टोपड्याच्या दोन्ही कानांवर ते शोभून दिसले. वाकडा चौकोन मावशींनी टाकला नाही. वाचनाच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवला.

फ्रान्स देशात अलाँसाँ गावची सुईची लेस प्रसिद्ध आहे. तिथली नखाएवढी लेस करायला सुमारे सात तास लागतात. पुरी कला हाती यायला सात ते दहा वर्षे जातात. जगाने जपावे अशा कलांच्या यादीत युनेस्को संस्थेने २०१० साली तिचे नाव घातले. मग आपला पहिला चौकोन वाकडा झाला, तर लाज कसली?

लक्षात ठेवा

१. टाके फार ओढले तर चौकट आकसते. हात सैल ठेवा.
२. जाळी सुटत नसेल तर टाका कापडात गेला आहे. ओढू नका, शोधा.
३. दोरा ओळीच्या मध्ये संपू देऊ नका. नवा दोरा कडेपासून घ्या.

सांगा पाहू

१. मावशी वर्गाला का आल्या नाहीत?
२. चूक शोधायला पाटीचा काय उपयोग झाला?
३. तुमच्या हातून झालेली एक चूक आणि ती कशी सुधारली, ते चार ओळींत लिहा.