श्वास रोखणे आणि श्वास सोडणे
प्रौढ वयात पोहणे शिकू लागलेले आपले काही माजी विद्यार्थी व पालक आम्हांस सांगतात, "आमचा दम टिकत नाही." ज्या समाजाला तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याला पाण्याची सवय उशिरा व्हावी यात नवल नाही; लाज तर मुळीच नाही.

परंतु दोष छातीचा आहे, हा समज बरोबर नाही. पाण्यात जीव घुसमटतो तो बहुधा प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भीतीने अंग आखडले की तो अधिकच लवकर साठतो. म्हणून नवशिक्याने दम वाढविण्याआधी श्वास सोडण्यास शिकावे. कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून उभे राहावे. तोंडाने श्वास घ्यावा, चेहरा पाण्यात बुडवून संथपणे बुडबुडे सोडावेत आणि डोके वर काढून पुन्हा श्वास घ्यावा. ही लय अंगवळणी पडली की भीती ओसरू लागते.

एक धोका आम्ही आवर्जून सांगतो. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेऊ नयेत. त्यामुळे प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घेण्याची निकड मग उशिरा जाणवते आणि तोवर माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. पट्टीचे पोहणारेही असे दगावले आहेत. तेव्हा दम धरण्याच्या पैजा लावू नयेत आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय पाण्यात उतरू नये.